माघी पुनवेचे बांबू

गुणाबाई — मी तुले माघातच म्हटलं होतं, पुनवेचा बांबू घरात घेऊ नको, आतून पीठ होते त्याचं. तू हासली.

मी — हसले. चंद्र बघून बांबू किडतो का, असंही म्हणाले. पण ते नंतर, गुणाबाई. आधी हा पडलेला वासा बघा.

(चांदा जिल्हा, १९५५. कार्तिकातली दुपार. गावच्या शाळामास्तरांच्या घरामागची वाडी. वालाचा मांडव वेलांसकट जमिनीवर आलेला. ‘मी’ म्हणजे मास्तरांची बायको. गुणाबाई शेजारच्या.)

गुणाबाई — पाह्यला. वरून साल कशी पिवळी गुळगुळीत, आन् आत बोट घालशीन तं नुसता भुसा. भुंग्यानं खाल्ला. उजाळ्या पाखात बांबूत गोडवा चढते, मंग तो सोडते काय? अवसेले तोडला असता, महिनाभर बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवला असता, तं पोरगी नांदाले गेली असती तरी मांडव उभा राह्यला असता. पोरगी कुठी होती तवा?

मी — कडेवर. रोज इथंच चटईवर निजवते तिला, मांडवाच्या सावलीत. आज सकाळपासून किरकिरत होती, अंगही कोमट आहे. म्हणून उचलली आणि रांजणापर्यंत गेले, तेवढ्यात मागं कडकन वाजलं.

गुणाबाई — राखलं देवानं. वाल तू माझं ऐकून उजाळ्या पाखात लावला होता, म्हून असा मातला. त्याचंच ओझं झालं. उचलून कुंपनावर टाकू, शेंगा जात नाई.

मी — शेंगांचं नाही हो. वीस बांबू आले होते. बारा इथं लागले. आठ मी लालसूला दिले.

गुणाबाई — नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या, टोल्यावरच्या? म्हाताऱ्या लालसूले? काहाले?

मी — त्याच्या शेतातल्या राखणीच्या माळ्यासाठी. पोरीला डांग्या खोकला झाला होता तेव्हा तीन कोस चालत मध घेऊन आला होता तो. बसलाही नाही, पाणी पिऊन परत गेला. त्याचे माळ्याचे खांब कुजले होते, म्हणून दिले. दसऱ्याला नवा माळा बांधला म्हणे, दोन माणसं उंच. धान पिकलंय, डुकरं येतात. रोज सांजेला चढतो आणि उजाडेपर्यंत वर बसतो. आजही चढेल.

गुणाबाई — थांब जरा. लालसूची हयात बांबूत गेली. पाख इचारल्याबिगर तो हात लावनारच नाई.

मी — विचारला होता.

गुणाबाई — मंग?

मी — मी अंधाऱ्या पाखातला म्हटलं.

गुणाबाई — काऊन?

मी — चांगले बांबू नुसते पडून होते. खरं सांगितलं असतं तर घेतले नसते त्यानं, पुन्हा त्या कुजक्या खांबांवर बसला असता. मला वाटलं, पाखानं काय होतंय, मी त्याचं बरंच करतेय. तरी त्याची खात्री पटेना. म्हणाला, बाई, कागदात पाहून सांगा. मग मी खुंटीवरचं पंचांग काढलं.

गुणाबाई — आन्?

मी — माघ पौर्णिमेवर बोट ठेवलं आणि वाचलं, माघ वद्य त्रयोदशी. त्यानं हात जोडले आणि बांबू खांद्यावर घेतले.

गुणाबाई — सारं गाव तुह्याकडे तिथी इचाराले येते, बाई. मी माझं कांद्याचं रोप तुह्या तोंडून ऐकून लावलं.

मी — तुमची तिथी खरी वाचली होती. सगळ्यांच्या खऱ्याच वाचल्या.

गुणाबाई — असतीन. मले थोडीच वाचता येते.

मी — बोला तुम्ही मला, हवं तेवढं बोला. पण आता माणूस कोण पाठवू? मुखरूकडे बंडी मागून आले. बैल धानाचे भारे वाहायला जुंपलेत म्हणाला, उद्या बघू. हे चिमूरला, शिक्षकांच्या सभेला. ऊन बघा कुठं आलं.

इसरू — मास्तरीनबाई, टपाल. मास्तराचं कार्ड आहे. सभा लांबली, परवा येतो म्हनते. मी वाचलं नाई, उघडंच होतं म्हून दिसलं.

मी — इसरूभाऊ, सायकल आहे ना? इथून कुठं जाता?

इसरू — गावातच दोन कागद द्याचे आहेत, मंग ड्यूटी खतम. काऊन? हा मांडव काऊन झोपला?

मी — टोल्यावर जाल? लालसूकडे. सांजेच्या आत पोचायला हवं. त्याच्या माळ्याचे बांबू याच मांडवातल्या बांबूंबरोबर तोडलेले आहेत.

इसरू — तीन कोस, बाई. नाल्यात अजून घोट्यावर पानी आहे, आन् माझी चैन घडीघडी उतरते.

गुणाबाई — जाय, इसरू. दोन कागद मी नेऊन देतो.

इसरू — सरकारी टपाल असं कोनाच्या हाती देता येत नाई. आन् तुले कागदावरचं नाव कुठी वाचता येते?

गुणाबाई — नाव तू तोंडानं सांग, घर मले माहीत आहे. तुह्याहून आधी.

इसरू — मंग ठीक. एक गुनवंतरावाच्या घरी, दुसरा नीलाबाईले. लालसूले सांगू काय?

गुणाबाई — सांग, मास्तराच्या मांडवाले भुंगा लागला, तुह्याही माळ्याले लागला असन, वर चढू नको. बस. जास्तीचं बोलाचं काम नाई. बाईमानसाची अब्रू आहे.

मी — तेवढ्यानं तो थांबणार नाही. हसेल. म्हणेल, माझे अंधाऱ्या पाखातले, बाईनं कागदात पाहून सांगितलंय. त्याच्या डोळ्यांत फूल पडलंय, भुसा गळतोय तो दिसत नाही त्याला. हातानं चाचपेल, आणि साल गुळगुळीत लागेल.

इसरू — कागदात पाहून सांगितलं तं मंग बराबरच असन ना?

मी — नव्हतं. मी खोटं वाचलं.

इसरू — मुद्दाम?

मी — हो, मुद्दाम.

इसरू — हे मले नाई जमत, बाई. एक डाव टोल्यावर बोललो का बाजाराच्या दिवशी साऱ्या पट्टीत होईन. मास्तराच्या घरचं पंचांग खोटं म्हनतीन. मंग शाळेच्या पुस्तकावर तरी कोन भरोसा ठेवते? आत्ताशी कुठी तिकडची चार पोरं शाळेत येऊन राह्यली.

मी — माहीत आहे मला. ती पोरं यांनी घरोघर फिरून आणलीत. हे आल्यावर यांना मी आधी सांगेन. पण लालसूला आज कळायला हवं. माझ्या नावानंच सांगा. म्हणा, मास्तरीणबाईनं तिथी खोटी वाचली, बांबू पुनवेचे आहेत. एवढं ऐकलं की तो स्वतःच पाय मागं घेईल. समजावावं लागणार नाही.

गुणाबाई — पोरी, बोललेलं माघारी घेता येत नाई. पाहून घे.

मी — पाहिलं. मीही येते, भाऊ, मागं बसून.

गुणाबाई — तापलेलं पोर घेऊन नाल्यातून? बस घरात. तिले पदराखाली घे, कवाची भुकेली आहे. इसरू, तू कागद काढ आन् निंघ.

इसरू — निंघालो. बाई, पानी द्या घोटभर. पुनवेचे, असंच म्हनू ना?

मी — पुनवेचे. माघी पुनवेचे, असंच म्हणा. आणि आधी त्याच्या घरात डोकवा, अजून निघाला नसला तर बरंच. माळ्यावर असला, तर लांबून हाक मारू नका, दचकून उभा राहील. जवळ जा, मग हळू बोला. आणि भाऊ, वर कुणी दिसलं नाही, तर तसेच परत फिरू नका. खाली धानात उतरून बघा.