चौकीच्या टेपाडावरची घोंगडी

ऐका. उद्या चौकीच्या टेपाडावर जायचं म्हणताय न्हवं? जावा की. वरनं सगळं खोरं दिसतंय, नदी दिसती, पार तिकडं धरणाचं पाणी दिसतंय. बघण्यासारखी जागा हाय, मी कुठं नाही म्हणतोय? पण दिवे लागायच्या आत खाली या. का, ते सांगतो. ती लाकडं जरा आत सारा.

माझा थोरला भाऊ हैबती. गावची जागल त्याच्याकडं. रातभर रानं राखायची, पहाट झाली की घरी. त्याची एकुलती एक लेक हौसा. तिच्या अंगावरची हळद अजून उतरली न्हवती, आन् जावई तिला न्यायला आलेला. जोतीराम त्याचं नाव. पोरगा भला, पण जरा आगाऊच. जेवणाला वेळ होता, चांदणं पडलेलं. म्हणाला, टेपाडावर जाऊन येतो, चांदण्यात खोरं बघायचंय. बायका नको नको म्हणाल्या. पण जावयाला अडवणार कोण? ज्यानं अडवला असता तो हैबती रानात. गेला गडी.

आता ती चौकी कसली, ते ऐका. जुन्या लढायांत फौजा ह्याच खोऱ्यातनं यायच्या. म्हणून वर एक पहारेकरी बसवलेला. फौज दिसली की त्यानं जाळ करायचा, पलीकडच्या गडावरल्या लोकांनी तो जाळ बघायचा. एका राती गडावरली माणसं गड सोडून गेली. ह्याला सांगायला कुणी आलंच नाही. बदलीचा माणूसबी आला नाही. ह्यानं काही जागा सोडली नाही. उपाशी बसून मेला. त्याचा राग करावा का त्याच्यासाठी रडावं, मला अजून कळत नाही.

तर जोतीराम वर पोचला. खोरं असं उजळलेलं, की खुळा बघतच राहिला. तेवढ्यात मागनं आवाज आला, "पाव्हणं, हिकडं या. हिकडनं चांगलं दिसतंय." एक म्हातारा दगडाला टेकून बसलेला, अंगावर घोंगडी. ह्याला वाटलं, असंल कुणी मेंढका. गेला जवळ. म्हाताऱ्यानं खाली बोट केलं. बघतोय तर मशाली. रांगच्या रांग! नदीच्या कडंकडंनं सरकत येणाऱ्या. टापांचा आवाज नाही, कुत्रं भुंकत नाही. नुसत्या मशाली.

तिथं पोरगा चरकला. उठला, उतराय लागला. उतरतोय, उतरतोय, आन् पुन्हा म्हाताऱ्याच्या पुढ्यात! दुसऱ्या वाटेनं पळाला. पुन्हा तिथंच. अंगाला घाम फुटलेला, त्यात वारा असा गार सुटला की दात वाजाय लागले. म्हातारा मायेनं म्हणाला, "गारठलास की रं लेकरा. घे." आन् घोंगडी पुढं केली.

घ्यायची न्हवती, बाबांनो. पण ह्याच्या गावाकडं वडीलधाऱ्यानं दिलेली घोंगडी नाकारणं म्हणजे त्याचा पाणउतारा. एवढ्या भीतीतबी रीत सुटली नाही. दोन्ही हातांनी घेतली, खांद्यावर टाकली. म्हातारा म्हणाला, "लई वाट बघाय लावलीत." आन् दिसंनासा झाला. जोतीरामचे पाय जाग्यावर खिळले ते खिळलेच.

हिकडं हैबती त्या राती जावयासंगं भाकरी खायला म्हणून मधीच घरी आला, तवा त्याला कळलं. ताटावरनं उठला, कंदील घेऊन पळत सुटला. वर जाऊन बघतो तर जावई डोळं ताठ करून खोऱ्याकडं बघतोय. हैबतीनं घोंगडी बघितली आन् काय झालं ते ओळखलं. जागल्याच तो, पहाऱ्याची रीत त्याला ठाऊक. पाळी बदलताना पहिला आपली घोंगडी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो. टाकली की हा मोकळा, तो बांधला. तिसऱ्यानं आपल्या हातानं घेतल्याबिगर सुटका नाही. तरी त्यानं ओढून बघितली. अंगाची साल निघावी तसा पोरगा ओरडला.

घरी हौसा दारात उभी होती. ती डोळ्यापुढं आली असंल, दुसरं काय?

"दे हिकडं," हैबती म्हणाला. "आता माझी पाळी. तू उतर, मागं बघू नको. हौसाला सांग, बाप जागलीवर हाय."

जोतीराम उतरला. तापानं फणफणला, पण जगला, संसार केला. आम्ही सकाळी वर गेलो. विझलेला कंदील तेवढा होता. हैबती न्हवता, घोंगडीबी न्हवती.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. चुकून सापडलात तर दगडाला टेकून एक माणूस बसलेला दिसंल. गोड बोलंल, माझं नाव सांगंल. तो माझा भाऊ हाय. त्यानं जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, पण लई वर्षं झाली, आता दमला असंल. घोंगडी पुढं करंल. घेऊ नका. हात जोडा आन् खाली या.

ती मी घेणार हाय. हौसाच्या नातवाचं बारसं तेवढं होऊ द्या.