खालची पायरी

सुशील : ताई, तू फॉर्मवर 'स्टूल' का लिहिलं?

रूपाली : तूच तं म्हणे ना माईकवर, 'अपनी सबसे सच्ची जरूरत लिखिए.' मले स्टूलच पाहिजे. खोटं लिहू काय? पोहे घे पहिले, थंडे होऊन राहिले.

सुशील : पोहे राहू दे. अगं, काल दुकानात पाऊण तास मी तुम्हा सगळ्यांना पिरॅमिड समजावला. पडद्यावर दाखवला. माणसाच्या गरजांच्या पाच पायऱ्या. एकदम खाली खाणं, पिणं, आराम. मग सुरक्षा. मग आपली माणसं. मग मान. अन् सगळ्यात वर, आपल्या आत जे दडलेलं आहे ते बाहेर आणणं. बाकी स्टाफनं कसं वरच्या पायरीचं लिहिलं! त्या नवीन पोरीनं तर 'मुझे खुद को पहचानना है' लिहिलं.

रूपाली : त्या पोट्टीले दुकानात तीन महिने झाले. मले सव्वीस वर्षं. तिच्या पायाच्या शिरा अजून निळ्या नाही पडल्या. अकरा ते नऊ आम्ही काउंटरमागं उभ्या राहतो. गिऱ्हाइकाले गादी, सेठले गादी. आम्ही जराशा टेकलो का सेठ कॅमेऱ्यात पाहते अन् फोन करते, 'रूपाली, तबीयत खराब है क्या?' स्वतःले पहचानायले टाइम कुठं आहे रे बाप्पा!

सुशील : मस्करी नको करू.

रूपाली : मस्करी तं तू केली. भर दुकानात सख्ख्या बहिणीले विचारलं, 'मॅडम, आपका शुभ नाम?' माह्या बाजूले काउंटरवर उभी कांताबाई माह्या तोंडाकडे पाहतच राहिली. तुह्या परीक्षेच्या टाइमाले तिनं रोज तव्यावरचा गरम चीला करून पाठवला होता. तिलेही नाही ओळखलं तू.

सुशील : सेठला कळलं असतं, ट्रेनर आपल्याच सेल्सवालीचा भाऊ आहे, तर काम हातातून गेलं असतं. पंडरीच्या कापडबाजारातली अजून तीन दुकानं बोलावणार आहेत मला.

रूपाली : 'सेल्सवालीचा भाऊ.' हव. बरोबर आहे.

सुशील : ताई, मी भांडायला नाही आलो. ऐक. सेठला दोन जणी कमी करायच्या आहेत. मला म्हणाले, ज्यांच्यात मोटिव्हेशन नाही अशी दोन नावं द्या. आज अकरापर्यंत रिपोर्ट पाठवायचा आहे.

रूपाली : अन्?

सुशील : नावं फॉर्मवरून काढली. ज्या एकदम खालच्या पायरीवर आहेत त्या.

रूपाली : कोण कोण?

सुशील : एक मीराबाई, स्टॉकरूमवाली. तिनं 'पंखा' लिहिला होता.

रूपाली : अन् दुसरी मी.

सुशील : हो.

रूपाली : आपलेच दात, आपलेच ओठ! काहून रे, तूच म्हणाला होता ना, हे कोणी वाचणार नाही, मन मोकळं करा?

सुशील : तसं म्हणावं लागतं. नाहीतर लोक खरं लिहीत नाहीत.

रूपाली : वा रे वा! पहिले खरं लिहायले लावायचं, मंग खरं लिहिलं त्यालेच काढायचं.

सुशील : थिअरीच तशी आहे. ज्याची खालची पायरी भरलेली नाही, त्याला वरच्या पायरीची भूकच लागत नाही. त्याचं मन कामात वर चढत नाही.

रूपाली : कोणत्या साहेबानं सांगितलं हे? बाबा गेले, रेल्वेचा क्वार्टर सुटला, तेव्हा सकाळी रातच्या भाताची बासी खाऊन रात्रीपर्यंत राहत होतो आपण. तेव्हाही मी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसत होती. कोणती नदी कुठून निघते, कोणत्या पुलाखालून जाते, सारं पाठ होतं मले. पोटात काही नव्हतं, तरी भूक लागत होती, सुशील. मस्त लागत होती. बी.ए.चा फॉर्मही आणला होता. आई काय म्हणाली, आठवते?

सुशील : आता ते कशाला...

रूपाली : 'सुशीलचं कॉलेज गरज आहे. तुहं कॉलेज हौस.' आपल्या घरी पाच पायऱ्या नव्हत्या, दोनच होत्या. गरज अन् हौस. तुहे बूट गरज, माही चप्पल हौस. मी दुकानात उभी राहिली, तू एमबीए झाला. अन् आता तूच मले सांगून राहिला का मी खाली आहे!

सुशील : मले माहीत आहे ना! विसरलो नाही मी काही!

रूपाली : आता कसा तोंडातून 'मले' निघाला.

सुशील : विसरलो असतो तर सकाळी सकाळी गुढियारीत तुझ्या घरी आलो असतो का? हे घे. कोरा फॉर्म. नवीन भर, जुना मी फाडून टाकतो. जबाबदारी पाहिजे, नवीन शिकायचं आहे, असं काही लिही.

रूपाली : अन् माह्या जागी कोण?

सुशील : म्हणजे?

रूपाली : सेठले दोन नावं पाहिजे ना. मी निघाली तं दुसरी कोण जाईन?

सुशील : खालून तिसरी कांताबाई आहे. तिनं लिहिलं आहे, 'काउंटरवर पाण्याची बाटली ठेवू द्या.'

रूपाली : तिनं नाही लिहिलं.

सुशील : फॉर्म तिचाच आहे. नाव आहे वर.

रूपाली : तिले लिहिता येते का? मले म्हणाली, रूपाली, तू लिहून दे. मी म्हटलं, भिऊ नको कांताबाई, माहाच भाऊ आहे, खरं काय ते सांग. ते अक्षर माहं आहे. तुह्या सगळ्या वह्यांवर नावं मीच टाकत होती, अन् तू माहं अक्षर नाही ओळखलं?

सुशील : ताई, शपथ, लक्षात नाही आलं.

रूपाली : कोणाचंच नाव नको देऊ ना. लिहून दे, सगळ्या चांगल्या आहेत.

सुशील : मग सेठ दुसरा ट्रेनर आणतील. तो काही तुझा भाऊ नसेल.

रूपाली : तू त्याईले नाही म्हणू शकत नाही?

सुशील : ताई, अकरापर्यंत पाठवायचं आहे.

रूपाली : राहू दे. नाही विचारलं असं समज.

सुशील : ईराचं शेवटचं वर्ष आहे ना यंदा?

रूपाली : माह्या पोरीचं नाव मधात नको आणू.

सुशील : मी फक्त विचारलं.

रूपाली : काल म्हणत होती, एम.ए. करतो. भूगोलात. बाप नाही तिले, मी अशी, कुठून करायचं एम.ए.? माह्या जिभेवर आलंच होतं, 'ही हौस आहे.' आईसारखंच. जीभ चावली मी. तिच्या कॉलेजले मी हौस नाही म्हणणार, मरीन पण नाही म्हणणार. आण तो पेन.

सुशील : नक्की?

रूपाली : विचारू नको, लाज वाटून राहिली मले. सांग, काय लिहू? तुह्यासारखं गोड नाही येत मले.

(रूपाली ओट्यावर फॉर्म ठेवून उभ्यानंच लिहिते.)

सुशील : 'मुझे अपने काम में ऊंचाई छूनी है.'

रूपाली : ऊंचाई. पुढं?

सुशील : 'दुकान मेरा दूसरा परिवार है.'

रूपाली : परिवार. झालं?

सुशील : झालं. खाली सही कर.

रूपाली : घे. अन् पोहे खाऊन जा, टाकू नको.

सुशील : चल ना सोबत, स्कूटरनं सोडतो. दुकानापाशी नको तर नाक्यापर्यंत तरी.

रूपाली : नाक्यावर तं मुळीच नको. तिथं कांताबाई उभी असन. आम्ही दोघी एकाच ऑटोनं जातो ना.