सखूबाईची फुंकणी

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐका. इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. वाशिमच्या कोर्टात मी नवाच वकील होतो. रिठदची म्हातारी सखूबाई लेकीकडे राहायला निघाली होती. वाटेत पोलिसांनी तिच्या गाडीची झडती घेतली, तर भांड्यांच्या पोत्यात बंदुकीची नळी निघाली. झाला बिनपरवाना हत्याराचा खटला.

नवरा वारल्यावर तिनं लोहाराकडून त्याच्या बंदुकीच्या नळीचं बूड कापून घेतलं होतं. नळी दोन्हीकडून मोकळी होती, तिच्यातून सखूबाई चूल फुंकायची. मी तेच कोर्टाला दाखवलं.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "फुंकणी बांबूचीही होते, बाई. हीच कशाला?"

"मालकानं डुकरं हाकलाले जलमभर खांद्यावर वागवली, साहेब. इच्यातून फुकलं का वाटते, मानूस घरातच हाये."

साहेबांनी तिला सोडलं आणि नळीही परत द्यायला सांगितली.

बाहेर ओट्यावर, तिला पकडणाराच शिपाई नळीच्या तोंडावरची पोलिसी सीलची लाख चाकूनं खरवडत बसला होता. सखूबाई म्हणाली, "राहू दे बाबू, मी करतो घरी."

तो म्हणाला, "थांब माय. थोडीबी राहिली तं गरम होऊन तुया ओठाले चिकटन."