हळदीला म्हटलेली चाल

हॅलो? … हां ऋतुजा, बोल. … येऊन राहिलं ऐकू, गच्चीवर आलेय. खाली रेंज न्हाई आणि वर सावली न्हाई. आई कुरडया घालून राहिली. … हो, सांगते. आई, ऋतुजा हाय गं, नांदेडहून!

… न्हाई, अजून न्हाई ठरलं. … माहीत हाय सहाच्या आत कळवायचंय. सकाळपासून तेच सांगून राहिलीस. … आपलं गाणं काढणारी पुण्याची कंपनी हाय, पळून चालली का? … बरं, चालली असंल. ओरडू नको.

अगं ऐक ना. … तू ऐक आधी. त्या निलंग्याच्या हळदीत साउंड बिघडला म्हणलं होतं ना मी तुला? तो न्हाई बिघडला. … चांगला होता साउंड. तेच तर झालं, पार मांडवाबाहेर ऐकू गेलं.

… सांगते ना! नवरीला पाटावर बसवलं होतं. शिवानी नाव पोरीचं. हळद लावणं चालू, पोरी नाचून राहिल्या. दोन-चार गाणी म्हणली आणि वाटलं, आता आपलं म्हणावं. आपलं! तुझे शब्द, माझी चाल. 'दारी मांडव हिरवा, पोर पिवळी झाली'… पहिलीच ओळ गं. आणि नवरीच्या आजीनं, सिद्धम्मा नाव तिचं, हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. डोक्यावर पदर घेतला. हात जोडले. … हाव, हात जोडले! मला वाटलं, गाणं भिडलं म्हातारीला. मी अजून जोर लावला. मग एकेक करून सगळ्या म्हाताऱ्यांनी पदर घेतले. पोरी नाचता नाचता थांबल्या. आणि बाहेरून नवरीचा चुलता पळत आला, तोंड उतरलेलं, म्हणतो, "कोण गेलं?"

… हसू नको. … ऋते, हसू नको ना. ती मयतीची चाल हाय.

… मयतीची! आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की रात्रभर त्याच्यापुढं भजन असतंय. आणि सकाळी उचलताना म्हणतात ना, ती चाल. … तीच. सूर न सूर तोच. … तुला कसं कळणार, तू उमरीची. पुण्याला तर न्हाईच कळणार. पण निलंगा, उदगीर, औसा… आमच्या घराघरात कळतंय.

… मला कसं न्हाई कळलं? तेच तर डोकं खाऊन राहिलंय. अप्पा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, तुला माहीत हाय. कुणाची मयत झाली की रात्री जायचे, सकाळी यायचे. बाहेर न्हाणीपाशीच थंड पाण्यानं अंघोळ, आणि तोंडात ती चाल. आम्हा पोरींना कोण नेतंय मयतीला? मी अंथरुणात असायची. आई चहा टाकायची. मला एवढंच कळायचं, चाल आली म्हणजे अप्पा घरी आले. … त्यांच्या स्वतःच्या येळेला? म्हणलं असंल मंडळानं. त्या दिवशी मला काय ऐकू आलं असंल, तूच सांग. तूच धरून बसली होतीस मला.

… हं. … आणि मी तुला काय सांगितलं? मला सुचली म्हणून! स्कुटीवर, रिंगरोडला, गाडी बाजूला घेऊन मोबाईलमध्ये गुणगुणून ठेवली. एवढी सरळ चाल जन्मात कधी उतरली न्हाई. तेव्हाच समजायला पाहिजे होतं, आपलं एवढं सरळ येत न्हाई.

… ताल बदलून काय होतंय? ढोल लाव, डीजे लाव, म्हातारी पदर घेणारच. … अगं, मला पण पाहिजे ना ते! तुला काय वाटतं, मला नको हाय? दुसऱ्यांची गाणी म्हणून म्हणून घसा बसला. नावानं कोण ओळखतंय मला? 'ती हळदीवाली बाई बोलवा' म्हणतात. … माहीत हाय, तू क्लासमधली नोकरी सोडलीस गाण्यांसाठी. ते नको काढू. … बरं काढ. खरंच हाय ते.

… मग सांगून टाक. हाव म्हणून सांग त्यांना. … म्हणलं ना हाव. लाव फोन. … न्हाई, थांब. थांब! नको लावू.

… वेडी न्हाई झाले मी. … एक मिनिट, दुसरा फोन येऊन राहिला. … जाऊ दे, हळद रद्द करणारं असंल कुणीतरी. कालपासून तेच चालू हाय.

अजून एक सांगायचं राहिलंय. सकाळी सिद्धम्माचा फोन आला होता. … तीच, नवरीची आजी. मला वाटलं, आता शिव्या. उचलल्या उचलल्या म्हणलं, आजी, चुकलं माझं, पाया पडते. तर म्हणते, "तू माणिकप्पाची का गं?" … हाव ना, असंच! म्हणलं, त्यांचीच. तर म्हणते, "तवाच वळखलं. शेवटाला सूर वर तोच न्यायचा. माझ्या मालकापुढं बसून म्हणला होता."

… ऐक ना पुढं. "लगीन पार पडलं, पोर सुखात हाय, तू मनाला लावून घेऊ नको," म्हणली. "पण माझा नंबर लागला की तू यायचं. असंच म्हणायचं."

… ऋतुजा? हायेस का? … काय म्हणणार मी? हाव म्हणलं. माझ्या गाण्यासाठी मला पहिल्यांदा कुणी बोलावलं गं, आणि ते कशाला, तर… … हाव, रडून राहिले. मग काय करू?

… लोकांच्या भीतीनं न्हाई. कालपर्यंत भीतीच होती, आता न्हाई. त्या चालीला आधीच काम हाय, ऋतुजा. तिकडं एक म्हातारी तिच्या भरवशावर बसलीय. उद्या त्याच चालीवर पोरी वरातीत नाचल्या, तर मी सिद्धम्मापुढं कोणत्या तोंडानं बसू?

… हाव. नको म्हणून कळव. … तुला जमत नसंल तर मी कळवते. … दे शिव्या. दे, मलाच दे. … तुझे शब्द कुठं जात न्हाईत. शब्द तुझेच हायेत, चाल तेवढी माझी निघाली न्हाई.

… दुसरी? आत्ता? सहाच्या आत? चाल म्हणजे काय कुरडई हाय, सोऱ्या दाबला की पडली? … बरं. बरं बाई! म्हण तू. नुसते शब्द म्हण, चालीवर नको. … हं… 'दारी मांडव हिरवा'… शी, परत तिकडंच वळली. … पुन्हा म्हण. हळू. … 'पोर पिवळी'… ऋतुजा? तुटून राहिलं… हॅलो? … हॅलो?

… गेला.

आई. ए आई, हात धू आणि इकडं ये जरा. तुझ्या हळदीला बायका काय म्हणल्या होत्या गं? … लाजू नको, म्हण. … न्हाई, अप्पाचं नको. तुझं म्हण.