पंख्यातले केस

—नाही नाही, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आधी भिंतीतला प्लग काढ. काढलास? बघ हं, मला करंट बसला तर तुझ्या दिवाणखान्यात प्रेत पडायचं आणि पोलिसांशी बोलायची वेळ तुझ्यावर यायची — आणि तू तर सख्ख्या बायकोशीही कधी पूर्ण वाक्य बोलला नाहीस. बस तिथे खुर्चीवर. टॉर्च धर, अशी नाही रे, इकडे, माझ्या हातावर. हां. आता सांग, नक्की होतं काय? सुरू होतं, घरघरतं, आणि कॉफी कपात ओतेपर्यंत मान टाकतं — असंच ना? फोनवर तू तेवढंच म्हणालास. मी तर दचकलोच, म्हटलं उन्तोचा फोन? उन्हाळ्यात सौना तापवून वाफेच्या अंघोळीला बोलावलं तर आला नाहीस, नंतर मी केलेले फोन उचलले नाहीस, आणि आज स्वतःहून — 'काउको, तेवढा कॉम्प्युटर सुरू करून दे.' म्हटलं चला, म्हाताऱ्याला जगाची आठवण झाली.

आता हे झाकण — स्क्रू गंजलेत, थांब — निघालं. आई गं! अरे हे कॅबिनेट आहे की उशी? बघ ना, वाकून बघ, नुसता टॉर्च काय धरतोस. कारखान्यात कागदाच्या मशीनच्या मोटारीवर एवढी धूळ साठली असती ना, तर फोरमननं आपल्याला दोघांनाही तळ्यात बुडवलं असतं. आणि हा पंखा — हा फिरणार कसा, ह्याच्या गळ्याला केस आवळलेत. करडे. रेमूचे. कुत्रा आहे की मेंढी? चिमटा दे तो. बघ किती निघतायत, ओढतोय तरी संपत नाहीत — ह्यात एक अख्खा मोजा विणून होईल. तुझी हेल्वी असती तर विणलाही असता तिनं, आणि नाताळात मलाच दिला असता, काउकोचे पाय गार पडतात म्हणून. हं. पंखा फिरला नाही की आतला भाग तापतो, तापला की मशीन स्वतःच स्वतःला बंद करतं. शहाणपणा आहे तो त्याचा, जळण्यापेक्षा बरं. आणि हा बटणाएवढा सेल, हा केव्हाच मेलाय, म्हणून सुरू केलं की दरवेळी तारीख चुकीची. प्लग काढला की त्याला वाटतं आपण आत्ताच जन्मलो. सेल मी आणलाय, तुझ्याकडे नसणार हे मला ठाऊक होतं.

बिघडलेल्या मशीनला पहिला प्रश्न एकच — शेवटचं नीट कधी चाललं? आणि दुसरा, त्यानंतर काय बदललं? आपला म्हातारा फोरमन हेच विचारायचा, आठवतं? लोक उगाच हातोडा घेऊन धावायचे, हा आपला पाइप ओढत विचारायचा, काय बदललं? — तर सांग. हेल्वी गेली तेव्हापासून? म्हणजे तिनंच शेवटचं वापरलं होतं. बरं. त्याला दोन हिवाळे झाले, आत्तापर्यंत मशीनला हात लावला नाहीस. बरं. नको सांगूस. रॅम काढून खोडरबरनं घासतो, तोवर तू कॉफी कर. केलेली आहे? मग मीच आणतो, बस तू, दूध कुठाय — फ्रीजमध्ये असेल म्हणा, दुसरीकडे कुठे असणार.

—अरे उन्तो, फ्रीज बिघडलाय का? आत काहीच नाही, लोण्याचा तुकडासुद्धा नाही. धुऊन पुसून लख्ख, आणि दारात लाकडाचा तुकडा अडकवलाय, हिवाळ्यासाठी तळ्याकाठचं घर बंद करताना अडकवतो तसा. चालू करून बघू का? राहू दे? बरं, काळी पिऊ. नवा घेणार असशील. पडदेही धुतलेस वाटतं, मघाशी आलो तेव्हाच दिसलं, म्हटलं मिर्का येणार असेल. मुलगी यायची म्हटलं की आपण म्हातारे असेच पिसाटतो. नाही येणार? मग तुझ्यासाठी धुतलेस? वा. माझ्या घरी पडदे आमच्या आयरीनंच लावलेले आहेत अजून, मी हात लावला नाही, धुतले तर तिचा वास जाईल असं — असो. प्लग लाव.

हां! ऐक. ऐक तो आवाज. नवरीसारखं चाललंय. सुरू होऊ दे, जुनं विंडोज आहे, वेळ घेतं, आणि ज्यांनी केलं त्यांनीही आता त्याच्याकडे बघणं सोडलंय, पण चालतं बघ, अजून चालतं. तारीख टाकतो. झालं. आता काय म्हणालास तू — फोटो मिर्कासाठी काढायचे, ह्या पेन ड्राइव्हवर, आणि बाकी सगळं पुसून टाकायचं. फोटो चालले बघ. ही हेल्वी, स्ट्रॉबेरीच्या शेतात. हा तू, हसतोयस, मला वाटायचं तुला दातच नाहीत. आणि हा रेमू, पिल्लू होता तेव्हाचा, तुझ्या बुटात तोंड घालून. छान कुत्रा. अरे हो — पण — रेमू कुठाय? मी दारात आलो तेव्हापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय, म्हटलं कान गेले की काय माझे — तो भुंकलाच नाही. एरवी मला पायपुसण्यावर पाय ठेवू देत नाही.

सेप्पोकडे? काय, चार दिवस ठेवायला? — दिलास? कायमचा दिलास? उन्तो, ऑक्टोबर आहे, मूस हरणांच्या शिकारीचे दिवस, अख्ख्या गावात असा कुत्रा नाही, आणि तू तो ऐन हंगामात सेप्पोला दिलास, जो कुत्र्याला सॉसेज चारून फुगवतो? का, तब्येत? गुडघा? मग शिकार सोडलीस म्हण. सोडतात माणसं, मीही सोडली, काही लाज नाही त्यात. मी सोडली तेव्हा आधी बंदूक विकली, आठवतं, तूच म्हणालास चांगली किंमत आली. कुत्रा ठेवला होता मी, मरेपर्यंत, सोफ्यावर झोपायचा. सगळे तेच करतात. तुझी बंदूक कोणी घेतली?

नाही विकलीस.

आहे कुठे मग, कपाटातच? आतल्या खोलीतल्या? बरं.

बरं. थांब जरा. मशीन विचारतंय — सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, खात्री आहे का? हे बघ, लिहिलंय इथं. हो किंवा नाही. तुझंच मशीन आहे, तूच सांगितलंस — आणि हसत होतो मी, मघाशी तू म्हणालास तेव्हा, 'पुसून टाक, नंतर कोणाला त्रास नको.' नंतर. मी ऐकलं आणि फोटो बघत बसलो. नंतर म्हणजे कधी रे? कशाच्या नंतर? माझ्याकडे बघ. टॉर्च ठेव खाली, बघायचं आता काही राहिलं नाही आत. फ्रीज धुतलास. पडदे धुतलेस. फोटो मुलीसाठी वेगळे काढतोयस. शिकार सोडणारा माणूस बंदूक विकतो आणि कुत्रा ठेवतो, उन्तो. तू कुत्रा दिलास आणि बंदूक ठेवलीस. उलटं केलंस तू. ह्या दगडी डोक्याच्या मशीनला कळलं, दोनदा विचारल्याशिवाय पुसायचं नाही म्हणून — आणि मी इथे गुडघ्यावर बसून मोज्यांचे विनोद करतोय.

काहीतरी बोल. नाहीच म्हण. 'काउको, वेड लागलंय तुला' असं म्हण, मी माफी मागतो, झाकण लावतो आणि जातो. — म्हण ना. — म्हणत नाहीस.

गाढवा. फोन का केलास मला मग? दुसऱ्या कोणाला केला असतास, गावात तो दुकानवाला पोरगा आहे, मुकाट्यानं पुसून देणारा, त्याला काही कळलं नसतं, केस बघून तो रेमूची चौकशी करणार नव्हता. मला बोलावलंस. बडबड्या काउकोला. मी विचारणार हे तुला माहीत होतं. होतं की नव्हतं? नको सांगूस, मी 'होतं' असंच धरून चालतो, मला तसं धरू दे.

ऐक, मी कोणाला सांगितलेलं नाही. आयरी मला ओळखत नाही आता. वृद्धाश्रमात रोज जातो, केस विंचरतो तिचे, आणि काल मला म्हणाली, 'नळ झाला का हो दुरुस्त?' प्लंबर समजते मला. मी म्हटलं झाला, बाई. म्हणाली, उपकार झाले, आमचे हे घरी असते तर तुम्हाला कॉफी दिली असती. मग मी गाडीत येऊन बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही, काचा पार धुरकटल्या. तुला वाटतं मला कळत नाही? सकाळी पायात मोजा चढवायचा म्हणजे केवढं काम असतं, ते मला कळत नाही? मी एवढं बोलतो कशाला, मजा येते म्हणून? गप्प बसलो की घर ऐकू येतं म्हणून बोलतो. आणि ह्या अख्ख्या गावात मी बोलतोय आणि समोरचा उठून गेला नाही असा एकच माणूस आहे. हेल्वीसाठी रडावंसं वाटतं तुला, तर रड, मी तोंड तिकडे करतो. पण तू गेलास तर मी कोणापुढे बडबडू? स्वार्थ आहे माझा. सरळ स्वार्थ. माझ्यासाठी राहा, स्वतःसाठी नसेल होत तर आत्ता माझ्यासाठी राहा, नंतरचं बघू — माझं 'नंतर' वेगळं आहे, ऐकतोयस ना.

हे बघ, 'नाही' दाबलं. प्लगही काढला. आता कपाटाची किल्ली दे. उद्या सकाळी आरोग्य केंद्रात जाऊ, मी येतो बरोबर, आत तू जा, बाहेर मी बसतो. डॉक्टरीणबाईंना एक वाक्य सांगितलंस तरी पुरे, बाकीचं मी सांगतो. मिर्काला आज फोन करायचा, मी नंबर लावून देतो. बंदूक माझ्याकडे येईल, पोलिसांना कळवून रीतसर येईल, मला जपता येते. आधी किल्ली. बघत काय बसलायस? मी उठणार नाही इथून. पाठ मोडली तरी उठणार नाही.

—हां. दे. शाबास. बघ, खिशात टाकली, चेन लावली. हात केवढे गार रे तुझे, मघापासून नुसता टॉर्च धरून बसवलं मी तुला. कोट घाल. माझ्याकडे चल, आज गुरुवार, मटाराचं सूप केलंय, थोडं लागलंय खाली पण मोहरी घातली की कळत नाही. रात्री तिथेच झोप, सोफा आहे. जाताना सेप्पोच्या दारावरून रेमूला घेऊन जाऊ, तो काय बोलायचा ते बोलेल. टोपी कुठाय तुझी? चल ना, उभा का राहिलास आतल्या खोलीकडे बघत —

थांब. बस. बस परत खाली.

माझंही कपाट अगदी तसलंच होतं, उन्तो. एकाच दुकानातून आणली आपण दोघांनी, तुझ्या ट्रेलरवर. विकलं तेव्हा माझ्याकडून घेणाऱ्यानं मोजून घेतल्या होत्या. दोन किल्ल्या येतात त्याला.

नाही, सूप राहू दे. मला भूक नाही.

दुसरी दे.