घडीत पडलेलं पाऊल

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं त्या आमच्या चित्रकार ताई, छापखान्यातले आणि बांधणी विभागातले सहकारी, आणि भाषणं आवरून चहा कधी येणार याची वाट पाहणाऱ्या रसिक श्रोतेहो, सर्वांना माझा नमस्कार.

मी या प्रकाशनसंस्थेत बालपुस्तकांचा संपादक आहे. सूत्रसंचालकांनी मला बजावलंय की मोबाइल बंद करून बोला. क्षमस्व, तो आज बंद करता येत नाही. पलीकडे छापखान्यात मशीन थांबलंय, कागद चढलेला आहे, आणि माझ्या एका उत्तरासाठी सगळे खोळंबलेत. तेव्हा माझं लक्ष मध्येच खिशाकडे गेलं तर ताईंबद्दलचा आदर कमी झाला असं कृपया समजू नका. उलट सगळा घोटाळा त्या आदरापायीच झालाय.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. निरोपाचं भाषण म्हटलं की माणूस किती शांत, किती प्रेमळ, किती वक्तशीर, असं सांगायची पद्धत आहे. ताई यातलं काहीच नाहीत. त्या वेळेवर चित्र देत नाहीत, आणि देतात तेव्हा भांडण सोबत देतात. खिडकीजवळचं ते टेबल आपण सर्वांनी पाहिलंय. दह्याच्या रिकाम्या डब्यात ब्रश, पेन्सिलीचा भुगा थेट माझ्या चहाच्या कपापर्यंत आलेला, आणि रंग जमला का हे बघायला डाव्या हाताची पाठ. त्या हातावरून आम्ही ओळखायचो की सध्या पुस्तकात समुद्र चाललाय की जंगल.

मी इथे नवीन लागलो तेव्हा माझी चित्रांबद्दलची समज काय होती? शब्दांत झाड असलं की चित्रात झाड. शब्दांत कुत्रा भुंकला की चित्रात कुत्र्याचं तोंड उघडं. माझ्या पहिल्याच गोष्टीत मी लिहिलं होतं, ‘ती खूप रडली.’ ताईंनी चित्र दिलं ते पलंगाखाली गेलेल्या एका चपलेचं. मी म्हटलं, “ताई, रडणारी मुलगी कुठंय?” त्या म्हणाल्या, “ती तू लिहिलीस ना? मग मी परत कशाला काढू? दोघांनी एकच काम करायचं असेल तर एकाला घरी पाठवा.” मला त्या दिवशी राग आला होता. आज ही नवी चित्रपुस्तकं हातात घेतली की कळतं, शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच सांगतं, आणि मूल त्या दोघांच्या मधून आपली वाट काढतं.

हो, हो, चिठ्ठी मिळाली. ‘थोडक्यात आवरा.’ आवरतो.

आता त्या घोटाळ्याकडे येतो, कारण तो सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. ताईंचं शेवटचं पुस्तक आज छपाईला गेलंय. गोष्ट दोन बहिणींची. एक खोली, दोन खाटा, आणि रोजची भांडणं. एक दिवस धाकटी खडूनं खोलीच्या मधोमध रेघ ओढते. ‘हे माझं, ते तुझं.’ ताईंनी काय केलं, तर ती रेघ बरोबर पुस्तकाच्या मधल्या घडीत, दोन पानं जुळतात तिथे, नेली. त्यामुळे प्रत्येक वेळी डावं पान धाकटीचं, उजवं पान थोरलीचं. चेंडू पलीकडे जातो, मोजा जातो, थोरलीची वेणी झोपेत अलीकडे येते. धाकटी मात्र स्वतः घडी ओलांडत नाही. आणि मग थोरलीला दुसरीकडे नोकरी लागते. ती खाटेसकट, सामानासकट निघून जाते.

शेवटच्या चित्रात उजवं पान रिकामं आहे. अगदी रिकामं नाही, चटईवर खाटेच्या पायांचे चार खळगे आहेत. डावीकडे धाकटी उभी आहे आणि तिचा एक पाय घडीत आहे. मी तिथे चार ओळी लिहिल्या होत्या, चांगल्या होत्या हो, पण ताईंनी त्या काढायला लावल्या. “तुला रिकामं पान दिसलं की घाम फुटतो. शब्दांना जरा बाहेर बसू दे,” म्हणाल्या.

छापखान्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको, आपल्या धंद्यात एक नियम शाळेच्या पाढ्यासारखा पाठ असतो. घडीत महत्त्वाचं काही ठेवायचं नाही. घडी गिळते. चेहरा गेला तर नाक नाहीसं होतं, अक्षर गेलं तर शब्द. त्यामुळे आमच्या फोरमनकाकांनी शेवटचं चित्र पाहिलं आणि इमानानं फोन केला, “साहेब, पोरीचा पाय बांधणीत जातोय. जरा डावीकडे सरकवून घेऊ? आणि उजव्या पानावर काय यायचं राहिलंय?”

फोन आला तेव्हा मी अध्यक्ष महाशयांच्या, म्हणजे आमच्या संस्थेच्या मालकांच्या, शेजारी होतो. साहेब, रागवू नका, आपण जे म्हणालात तेच सांगतो. आपण म्हणालात, “सरकवा की. आणि पालक पैसे मोजतात, कोरं पान बघून तक्रार करतील. एखादं मांजर बसवा तिथे. ताईंना कशाला त्रास देता, आज त्यांचा दिवस आहे.” मी ‘बघतो’ म्हणालो. तेव्हापासून मला खुर्चीत धड बसता येत नाहीये. दोनदा पाणी प्यालो, तिसऱ्यांदा पाहुण्यांचाच ग्लास उचलला.

ताई, तुम्हाला हे आत्ताच कळतंय. चष्मा काढलात म्हणजे मला पुढचं ठाऊक आहे. पण आधी ऐका.

श्रोतेहो, ताई प्रत्येक पुस्तकाची कच्ची प्रत करतात. रद्दी कागद दुमडून, पिना मारून, पेन्सिलीनं. ती घेऊन समोरच्या बालवर्गात जातात आणि फतकल मारून मुलांमध्ये बसतात. विचारत काहीच नाहीत. मला म्हणायच्या, “मुलांची तोंडं आपल्याला बरं वाटावं म्हणून हसतात. तू बोटं बघ.” या पुस्तकाच्या वेळी मी सोबत होतो. एक चिमुरडी शेवटच्या पानावर आली. तिनं धाकटीच्या फ्रॉकवर बोट ठेवलं, गुडघ्यावरून खाली आणलं, आणि बोट घडीत अडकलं. तिनं ताईंकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग त्या पोरीनं पुस्तक जमिनीवर उताणं टाकलं, दोन्ही तळवे ठेवले आणि सगळं अंग टाकून दाबलं. पिना करकरल्या. घडी उघडली. “आहे!” ती ओरडली. “पाय तिकडे गेलाय!”

मला सांगा, तो पाय आपण सरकवून ठेवला असता तर तिनं तो शोधला असता का?

त्या दिवशी परत आल्यावर डबा खाताना ताई स्वतःहून बोलल्या. एरवी त्या घरचं काही बोलत नाहीत. म्हणाल्या, “आमच्या खोलीतली रेघ मीच ओढली होती. थोरली नोकरीला गेली तेव्हा आमचा अबोला होता. अर्धी खोली मोकळी झाली, मला हवी होती तशी, आणि मला तिकडे पाय टाकवेना. किती दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले. मग एका दुपारी टाकला. एवढंच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी रंगवल्या, हा एक पाय माझा आहे.”

ताईंच्या त्या थोरल्या भगिनी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी पुस्तक अजून पाहिलेलं नाही. आणि मी इथे उभा राहून ताईंच्या कलेचं कौतुक करायचं, आणि खाली उतरून फोनवर ‘सरकवा’ म्हणायचं? मला ते जमणार नाही. मला भीती वाटतेय. तरी जमणार नाही.

फोन उचलला नाही म्हणून फोरमनकाका स्वतः आलेत, दाराशी उभे आहेत. काका, सगळ्यांच्या साक्षीनं सांगतो. मशीन सुरू करा. पाय जिथे आहे तिथेच राहू द्या, आणि उजव्या पानावर काहीही यायचं राहिलेलं नाही. तक्रार आली तर माझ्या नावावर येऊ द्या.

अध्यक्ष महाशय, आपण द्याल ती शिक्षा... एक मिनिट. माफ करा. श्रोतेहो, तुम्हाला तिथून दिसत नसेल, पण साहेबांच्या पुढ्यात त्या पुस्तकाची नमुना प्रत आहे, आणि साहेबांनी आत्ता ती टेबलावर उताणी ठेवून दोन्ही हातांनी दाबली. साहेब, दिसला ना पाय? मान हललेली मी पाहिली. काका, आता तरी निघा.

आता आभार. पाहुणे वेळ काढून आले, त्यांचा मी ऋणी आहे, त्यांच्या पाण्याच्या ग्लासासकट. बांधणी विभागाचे आभार आगाऊ मानतो, कारण घडी नीट उघडली पाहिजे, ते आता त्यांच्या हातात आहे. माझ्या बोलण्यात पायरी सुटली असेल, सांगू नये ते सांगितलं गेलं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला. ताई, तुमचं खासगी मी चारचौघांत बोललो, त्याबद्दल उद्या हवं तेवढं भांडा. उद्या तुम्ही यायच्या नाहीत, हे आत्ता माझ्या लक्षात आलं.

साहेब, ती प्रत जरा पहिल्या रांगेत द्याल का? थोरल्या बाई, शेवटचं पान उघडा. उजवीकडचं कोरं दिसेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ते पान तुमचं आहे. म्हणून तर आम्ही तिथे मांजर बसू दिलं नाही.

धन्यवाद.