आधी शेरडांना पाणी

ती जुनी पेट्रोल जीप मी का विकली, हे परत परत विचारू नका. एकदाच सांगतो.

गाडी बेंबळीच्या रहीमचाचांची. चाचा वारल्यावर त्यांच्या पोराकडनं मी घेतली. पहिल्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, तेरच्या रस्त्यावर एका कडुलिंबाखाली इंजिन तापलं. नुसती वाफच वाफ! चावी काढली, खाली उतरलो, तरी इंजिन आपलं धडधडतंच. जुन्या गाड्या तापल्या की असं करतात, पण दोन-चार गचके देऊन गप होतात. ही काय थांबंना.

सावलीत शेरडं घेऊन एक म्हातारी बसली होती. मी पाण्याचा कॅन घेऊन रेडिएटरकडं निघालो, तशी ओरडली, "थांबा! आधी शेरडांना पाजा. चाचा तसंच करायचे. शेरडं पिईस्तोवर इंजिन निवतंय."

"आजी, चाचा गेले. गाडी आता माझी हाय."

"ठावं हाय मला. तुम्ही पानी वता."

मी मुकाट्यानं तिथल्या दगडी डोणीत अर्धा कॅन ओतला. शेरडं पिऊन बाजूला झाली. इंजिन चालूच. मग म्हातारी गाडीकडं बघून हळूच म्हणाली, "पिली बरं का सगळी, चाचा. उतरा आता."

इंजिन बंद पडलं. आणि ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग कर्रकन वर आली, बसलेला माणूस उठल्यावर येते तशी.

मी तर मघापासनं डोणीपाशी उभा होतो.